जेवण, झोप, शी आणि जमिनीवर आडवं पडून रडणं: सव्वादोन वर्षांच्या मुलाच्या आईला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे. जेवायला दीड तास लागतो, तोही समोर मोबाईल लावून, आणि तरी पोटात जातात मोजून चार घास. मधेमधे दुधाची बाटली मात्र चालू असते, दिवसाला लिटरभर तरी. रात्री ११ वाजले तरी झोपत नाही. शी आली की पडद्यामागे जाऊन उभा राहतो, पाय आवळून धरतो, तीन-तीन चार-चार दिवस करतच नाही. कशालाही नाही म्हटलं की जमिनीवर आडवा. आणि सगळ्यात शेवटी तुम्ही लिहिलंय की मी हल्ली दिवसभर ओरडतच असते, लोक म्हणतात हे दिवस एन्जॉय कर, परत येणार नाहीत, पण मला त्यात एन्जॉय करण्यासारखं काही दिसतच नाहीये, माझंच काही चुकतंय का.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे आणि बरीच वर्षं याच वयाच्या मुलांमध्ये काम करतेय, त्यामुळे आधीच सांगते की तुम्ही लिहिलेल्या या तक्रारी वेगवेगळ्या नाहीयेत. त्या एकमेकींत अडकलेल्या आहेत आणि त्यातली एक सुटली की बाकीच्या बऱ्याच सैल होतात. ती कुठली ते पुढे येईलच, पण त्याआधी थोडं मुळापासून बोलू.

लहान मुलाची तीन कामं अशी आहेत की जी कोणीही त्याच्याकडून जबरदस्तीने करून घेऊ शकत नाही. गिळणं, झोपणं आणि शी करणं. आपण घास तोंडात घालू शकतो पण तो गिळायचा का गालात धरून ठेवायचा हे त्याच्या हातात. दिवा बंद करून शेजारी आडवं होऊ शकतो, झोप त्याची त्यालाच लागावी लागते. पॉटीवर बसवू शकतो, पुढचं सगळं त्याचं. आणि वर्ष-दीड वर्षानंतर मुलाला नेमकं हेच उमगायला लागतं की इथे माझं चालतं. म्हणून तर या वयाची जी मुलं ओपीडीत येतात त्यांच्या बहुतेक तक्रारी या तिघांभोवतीच फिरत असतात. घरात भांडणं होतात ती आपण मुलाच्या वाट्याचं काम करायला गेलो की, नाहीतर आपल्या वाट्याचं काम त्याच्यावर सोडलं की. दुसरा प्रकारही तितकाच दिसतो बरं का. जेवायची वेळ कुठली, झोपायची वेळ कुठली, किती दूध द्यायचं हे ठरवणं मोठ्यांचं काम आहे आणि दमून गेल्यावर आपण ते दोन वर्षांच्या मुलावर टाकतो, मग ते त्याला झेपत नाही आणि ते आणखी बिथरतं.

जेवणापासून सुरू करते कारण सगळ्यात जास्त रडारड तिथे होते, मुलाचीही आणि आईचीही. जन्माला ३ किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण ९ किलोचं होतं, म्हणजे तिप्पट. उंची ५० सेंटिमीटरवरून ७५ च्या आसपास जाते. पण पुढच्या अख्ख्या वर्षात वजन वाढतं ते फक्त दोन-अडीच किलो आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत वर्षाला साधारण २ किलो. वाढीचा वेग एवढा उतरला की भूकही उतरणारच ना, पण आईच्या डोळ्यासमोर असतं ते नऊ महिन्यांचं बाळ जे वाटी चाटूनपुसून संपवायचं, आणि मग वाटतं की आता हा काहीच खात नाही. त्यात याच वयात मुलं नव्या पदार्थाकडे संशयाने बघायला लागतात, काल आवडलेलं आज ढकलतात, दोन पदार्थ एकमेकांना लागलेले चालत नाहीत. हेही वाढीचाच भाग आहे आणि बहुतेक मुलांत शाळेत जायच्या वयापर्यंत हळूहळू कमी होतं.

एलिन सॅटर नावाच्या एका अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी या बाबतीत एक फार कामाची वाटणी सांगितली आहे आणि मी जवळपास प्रत्येक आईबाबांना ती सांगते. काय द्यायचं, कधी द्यायचं आणि कुठे बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं का नाही आणि किती खायचं हे मुलाने ठरवायचं. बस एवढंच. ऐकायला सोपं आहे, करायला अवघड आहे, कारण ताटातलं तसंच राहिलेलं बघून आपल्याला राहवत नाही आणि हात आपोआप चमच्याकडे जातो.

प्रत्यक्षात कसं करायचं ते सांगते. दिवसात तीन जेवणं आणि दोन लहान खाणी, त्यांच्या वेळा ठरलेल्या, आणि मधल्या वेळात फक्त पाणी. दूध नाही, बिस्कीट नाही, ज्यूस नाही. वाढायचं अगदी थोडं, वयाच्या प्रत्येक वर्षाला एक मोठा चमचा असा एक ठोकताळा आहे, म्हणजे तुमच्या मुलाला एका पदार्थाचे दोन चमचे, मागितलं तर परत वाढायचं. त्याच्यासोबत घरातलं कोणीतरी बसून तेच खातंय असं असावं. सांडू दे, हाताने चिवडू दे. २० ते ३० मिनिटं झाली की ताट उचलायचं, न ओरडता, न चिडता, न समजावता, आणि पुढच्या ठरलेल्या वेळेपर्यंत काही नाही. नवीन पदार्थ एकदा नाकारला म्हणून यादीतून काढू नका, आठ-दहा वेळा आणि काही मुलांना त्याहून जास्त वेळा तो समोर यावा लागतो, आणि समोर येणं म्हणजे खाणंच असं नाही, बघितलं, वास घेतला, बोटाने दाबलं, जिभेला लावून थुंकलं, हे सगळं त्यात धरायचं.

मोबाईलचं म्हणाल तर मला तो नको असतो त्याचं मुख्य कारण डोळे वगैरे नाहीये. स्क्रीन बघताना मूल खात नसतं, त्याला भरवलं जात असतं. तोंड उघडतंय, घास जातोय, पण भूक लागली, पोट भरलं, हे चावायला कडक आहे, ही चव वेगळी आहे, यातलं काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही. मग खाणं शिकायचंच राहून जातं आणि तीन-चार वर्षांची मुलं सुद्धा मिक्सरमधून काढलेलंच खातात. शिवाय लक्ष नसताना घास अडकण्याची भीती वेगळीच. मोबाईल बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस, कधी आठवडाभर, मूल आधीपेक्षाही कमी खाईल आणि भयंकर रडेल. हे अपेक्षितच आहे. तिथे घाबरून पाचव्या दिवशी परत लावला तर मूल एवढंच शिकतं की पाच दिवस रडलं की मिळतो, म्हणून घरातले सगळे तयार असतील तेव्हाच सुरू करा, उगाच सोमवारी जोश आला म्हणून नको.

आता दूध. लिटरभर दुधातून सव्वासहाशे कॅलरीच्या आसपास जातात आणि या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजार कॅलरीची असते. म्हणजे अर्ध्याहून जास्त पोट दुधानेच भरलंय, मग ताटासमोर बसल्यावर भूक कुठून येणार? तो नखरे करत नाहीये, त्याला खरंच भूक नाहीये. त्यात दुधात लोह जवळजवळ नसतंच आणि जास्त दूध पिणाऱ्या मुलांमध्ये लोह कमी पडणं हे मी सतत बघते. लोह कमी पडलं की भूक मंदावते, मूल चिडचिडं होतं, झोप अस्वस्थ होते, काही मुलं माती, भिंतीचा रंग असलं काहीतरी खायला लागतात. म्हणजे बघा, न जेवणारं मूल दुधावर ठेवलं, दुधामुळे लोह कमी झालं, लोहामुळे भूक आणखी गेली. हे चक्र तोडायचं तर दिवसाचं दूध ४०० ते ५०० मिलीवर आणा आणि बाटली सोडून कपाने द्या. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचे पुढचे दात किडतात ते वेगळंच.

आणि खाणं पुरेसं आहे की नाही हे ताटावरून ठरवूच नका, वाढीच्या तक्त्यावरून ठरवा. डॉक्टरांकडे वजन-उंचीचा आलेख असतो, त्यावर मूल आपली रेषा धरून चाललंय का ते बघायचं. बारीक आहे पण आपल्या रेषेवर आहे, खेळतंय, पळतंय, तर ठीक आहे. रेषा सोडून खाली उतरत असेल तर मात्र कारण शोधायलाच हवं, तिथे वरची वाटणी सांगून भागत नाही.

आता शी. यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही आणि तुमच्या मुलाच्या बाबतीत हीच ती गाठ आहे असं मला वाटतं. पडद्यामागे उभा राहतो, पाय आवळतो, टाचा उचलतो, चेहरा लाल होतो. घरच्यांना वाटतं बिचारा जोर लावतोय पण होत नाहीये. खरं तर उलट चाललेलं असतं, तो ती आत धरून ठेवायला जोर लावत असतो. होतं काय, कधीतरी एकदा शी कडक होते, एखाद्या तापानंतर, प्रवासात, किंवा पॉटी ट्रेनिंगची घाई झाली म्हणून, आणि ती करताना दुखतं. दोन वर्षांच्या मुलाच्या डोक्यात हिशोब सरळ असतो, शी म्हणजे दुखणं, मग करायचीच नाही. पण आतड्याचं काम पाणी शोषायचं आहे, त्यामुळे जितकी आत राहील तितकी ती आणखी कडक आणि मोठी होत जाते आणि चौथ्या दिवशी नाइलाजाने होते तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त दुखतं. भीती खरी ठरते. असं महिनोन्महिने चाललं की शेवटच्या भागातलं आतडं ताणून सैल होतं आणि भरल्याची जाणीवच बोथट होते. मग कधीकधी वरची पातळ शी कडक गोळ्याच्या बाजूने झिरपून चड्डीला लागते आणि घरच्यांना वाटतं जुलाब झाले किंवा मुद्दाम करतोय. तो मुद्दाम करत नसतो, त्याला ते कळलेलंच नसतं.

अशा मुलाला रागावून, लाजवून, तासभर पॉटीवर बसवून काहीही होणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे पॉटी ट्रेनिंग तात्पुरतं पूर्ण थांबवा, डायपर घालून कोपऱ्यात उभं राहून करतोय तर करू दे. दुसरी गोष्ट, डॉक्टरांकडून शी मऊ करणारं औषध घ्या, जे आतड्यात पाणी धरून ठेवतं, आणि ते त्यांनी सांगितलेल्या डोसने आणि सांगितलेल्या काळापर्यंत द्या. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. चार दिवस शी नीट झाली की आईबाबा औषध बंद करतात, सवय लागेल म्हणून, आणि दोन आठवड्यांत सगळं परत पहिल्यासारखं. ताणलेलं आतडं मूळपदावर यायला आणि मुलाच्या मनातून भीती जायला वेळ लागतो, बऱ्याचदा काही महिने. या प्रकारच्या औषधांनी आतडं आळशी होत नाही, त्याची काळजी नको. तिसरी गोष्ट, जेवणानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते त्यामुळे भीती कमी झाल्यावर जेवून उठलं की पाचेक मिनिटं बसवायचं, पाय लोंबकळत ठेवायचे नाहीत, खाली स्टूल द्यायचं म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि जोर नीट लागतो. झाली तर छान, नाही झाली तरी छान, बक्षिसाचा तमाशा नको.

जन्मल्यावर पहिली काळी शी व्हायलाच ४८ तासांहून जास्त लागले होते, पोट फुगतंय, हिरवट उलट्या होतायत, वजन घटतंय, किंवा शीमध्ये रक्त आहे, यातलं काही असेल तर मात्र घरी प्रयोग न करता दाखवून घ्या. शीचं एवढं लांबण लावलं कारण पोट साफ नसलेलं मूल जेवत नाही, रात्री पोटात कळ येऊन उठतं, दिवसभर कुरकुरतं, आणि आई त्याच्या जेवणाशी, झोपेशी, स्वभावाशी वेगवेगळ्या लढाया लढत बसते.

झोपेबद्दल थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे आकडे दिले त्यात १ ते २ वर्षं वयाला २४ तासांत ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे, दुपारची धरून. तुमचा मुलगा ११ ला झोपतो, तर सकाळी किती वाजता उठतो आणि दुपारी किती ते किती झोपतो हे आधी लिहून काढा. साडेनऊला उठणारं आणि संध्याकाळी सहापर्यंत झोपणारं मूल ११ च्या आधी झोपूच शकत नाही, त्यात त्याचा काही हट्ट नाहीये. दुपारची झोप संपल्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंत या वयात साधारण पाच-सहा तास जावे लागतात. म्हणून रात्र बदलायची असेल तर सकाळ बदला, रोज पंधरा मिनिटं लवकर उठवा, पडदे उघडा, बाहेर उजेडात न्या, आणि दुपारची झोप तीनच्या सुमारास आटपती घ्या. झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद, दिवे मंद, आणि रोज त्याच क्रमाने त्याच तीन-चार गोष्टी. तुम्ही शेजारी झोपता का तो वेगळा झोपतो यावर मी काही म्हणणार नाही, दोन्ही पद्धतींनी मुलं छान वाढतात.

याच विषयात एक सांगून ठेवते, कारण पहिल्यांदा बघणारे आईबाबा फार घाबरतात. झोप लागल्यावर तासा-दोन तासांत मूल अचानक किंचाळत उठतं, डोळे उघडे, पण आपल्याला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतं, आणि दहा मिनिटांनी परत झोपतं. सकाळी त्याला काहीही आठवत नाही. हे वाईट स्वप्न नसतं, गाढ झोपेतून अर्धवट जाग आलेली असते. उठवू नका, हलवू नका, फक्त पडणार नाही एवढं बघा. वाईट स्वप्नं पहाटेकडे पडतात आणि त्यात मूल पूर्ण जागं होऊन आपल्याला बिलगतं, तिथे मात्र जवळ घ्यायचं.

आता जमिनीवर आडवं पडणं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी, पोटेगल आणि डेव्हिडसन यांनी, लहान मुलांच्या अशा आकांतांचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यात दिसलं की पाऊणपट आकांत पाच मिनिटांत संपतात, आणि सगळ्यात जास्त वेळा दिसलेली लांबी तर अर्ध्या ते एका मिनिटाची होती. आपल्याला तो अर्धा तास वाटतो हे खरं, विशेषतः चार लोक बघत असले की. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली जी मला रोजच्या कामात फार उपयोगी पडते. लाथा, किंचाळणं, फेकाफेक हा राग लवकर टोकाला जातो आणि उतरतो, पण त्याच्या सोबत रडणं, मुसमुसणं, दुःख हे पूर्ण वेळ चालू असतं आणि शेवटी मूल जवळ यायला बघतं. म्हणजे रागाची लाट ओसरेपर्यंत आपण फक्त थांबायचं असतं.

राग टोकाला असताना तुम्ही कितीही शहाणपणाचं बोललात तरी ते आत जात नाही. स्वतःला आवरणारा मेंदूचा जो पुढचा भाग आहे तो पूर्ण तयार व्हायला विशी उलटून जावी लागते, दोन वर्षांच्या मुलात तर तो आत्ता कुठे कामाला लागलाय. म्हणून त्या वेळेला समजावणं, प्रश्न विचारणं, 'का रडतोयस सांग' म्हणणं हे सगळं आगीत तेल ओतल्यासारखं होतं. लागणार नाही अशा जागी हलवा, जवळ बसा, एखादंच वाक्य, 'तुला ते हवं होतं, राग आलाय, मी इथे आहे', आणि गप्प. मारू लागला तर हात धरायचा, 'मारायचं नाही' एवढंच म्हणायचं. लाट ओसरली, तो जवळ आला, की घ्यायचं जवळ, त्याने लाड होत नाहीत. आणि ज्याला नाही म्हटलं होतं ते मात्र नाहीच राहू द्यायचं. भावना त्याची, मर्यादा आपली, इथेही तीच वाटणी आहे.

पण मग नाही म्हणताना जरा कंजुषी करा. एका दिवसात किती वेळा आपण नाही, नको, सोड, ठेव, उतर म्हणतो हे एक दिवस ऐकून बघा. जिथे जिवाला धोका आहे, दुसऱ्याला इजा आहे किंवा नासधूस आहे तिथे पक्कं नाही. बाकीच्या अनेक गोष्टींत दोनातलं एक निवडायला देता येतं, लाल टीशर्ट का निळा, आधी दात का आधी कपडे. नको असलेल्या वस्तू त्याच्या हाताच्या टप्प्यातूनच काढल्या तर निम्मी भांडणं होतच नाहीत. आणि एका कामातून दुसऱ्यात जाताना आधी सांगा, 'अजून दोनदा घसरगुंडी, मग घरी'. पाच मिनिटं म्हणजे काय हे त्याला कळत नाही, दोनदा म्हणजे काय हे कळायला लागलेलं असतं.

रडता रडता काही मुलं श्वास धरतात, निळी पडतात, क्षणभर शुद्धही जाते. बघायला भयानक असतं पण मूल काही सेकंदांत आपोआप श्वास घेतं आणि त्याने मेंदूला इजा होत नाही. पहिल्यांदा झालं की डॉक्टरांना दाखवा आणि लोह तपासून घ्या, लोह कमी असलेल्या बऱ्याच मुलांत ते भरून काढल्यावर हे प्रकार कमी होतात.

तुमच्या ओरडण्याविषयी. तुम्ही वाईट आई आहात का, हा प्रश्न ज्या बाईला रात्री झोपू देत नाही तिला मी उत्तर काय देणार, पण एक अभ्यास सांगते. एडवर्ड ट्रॉनिक नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात आई आणि तान्हं बाळ यांचं समोरासमोरचं खेळणं बारकाईने बघायला सुरुवात केली. त्या सगळ्या कामातून पुढे आलं ते असं की छान जमणाऱ्या जोड्यांमध्ये सुद्धा आई आणि बाळ एकमेकांशी सुरात असतात तो वेळ साधारण एक तृतीयांशच असतो. बाकी वेळ चुकामूक, मग जुळवून घेणं, परत चुकामूक, परत जुळवून घेणं. तुटलेलं परत जुळतं हा अनुभव मुलाला वारंवार मिळणं, यातून त्याचा माणसांवरचा विश्वास घडतो. त्यामुळे ओरडलात, तर नंतर त्याच्या उंचीला बसा आणि सांगा, 'आई जोरात ओरडली, तू घाबरलास, सॉरी'. लांबलचक स्पष्टीकरण नको आणि 'पण तू असं का केलंस' हे शेपूट तर अजिबात नको.

त्याच वेळी हेही विचारते, आणि खरंच उत्तर द्या स्वतःला. दोन आठवड्यांहून जास्त काळ रोज बहुतेक वेळ मन उदास असतं का, कशातच रस वाटत नाही का, मूल झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नाही का, मरणाचे किंवा मुलाला काही करून टाकण्याचे विचार येतात का? शेवटचं असेल तर आजच्या आज घरातल्या माणसाला सांगा आणि डॉक्टरांकडे जा. बाकीचं असेल तरी डिप्रेशनसाठी दाखवा, ते बाळंतपणानंतर लगेचच येतं असं नाही, उशिराही येतं, वडिलांनाही येतं, आणि त्याला उपचार आहेत. आणि जर ते नसेल, नुसती दमणूक असेल, तर दमणुकीवर उपाय म्हणजे दुसरं माणूस. मुलाच्या बाबांनी 'मदत' करायची नसते, एक पूर्ण काम त्यांचं असावं, उदाहरणार्थ रात्रीची अंघोळ ते झोप हे सगळं, आणि त्या वेळात तुम्ही दुसऱ्या खोलीतून सूचना द्यायच्या नाहीत. त्यांची पद्धत वेगळी असेल, असू दे.

आता आनंदाचं. तुम्ही म्हणता दिसत नाही, आणि मला ते पटतं, कारण चोवीस तास मुलाच्या वाट्याचं काम आपल्या डोक्यावर घेतलेल्या माणसाला मुलाकडे बघायला वेळच उरत नाही. तुमचा मुलगा सध्या काय काय करत असेल ते मी न बघता थोडंफार सांगू शकते. दोन-दोन शब्द जोडून बोलत असेल. रिकाम्या कपातून चहा प्यायल्यासारखं करत असेल आणि तुम्हालाही पाजत असेल, म्हणजे जे समोर नाही ते आहे असं धरून चालण्याची ताकद त्याच्या डोक्यात आलीये, दीड वर्षाच्या आधी ती नव्हती. आरशात बघून गालावरचा डाग पुसत असेल, म्हणजे हा मीच हे त्याला समजलंय. थोड्याच दिवसांत 'मी करलं', 'बाबा जाला' असं म्हणायला लागेल. ते ऐकून हसून सोडून देऊ नका, त्याला कोणीही 'करलं' शिकवलेलं नाही, घरात कोणीच तसं बोलत नाही, 'बसला', 'पडलं' ऐकून त्याने स्वतःच्या डोक्याने व्याकरणाचा नियम काढलाय आणि तो 'करणं', 'जाणं' याला लावून बघतोय. केवढी मोठी गोष्ट आहे ही! मला इतक्या वर्षांनीही ते ऐकलं की तपासणी थांबवून त्या मुलाशी बोलत बसावंसं वाटतं. चूक दाखवू नका, 'हो, तू केलंस' एवढं म्हणा, होईल आपोआप.

हे दिसायला लागावं म्हणून एक काम देते. रोज पाच-दहा मिनिटं, ठरलेल्या वेळी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याच्याजवळ जमिनीवर बसा आणि खेळ त्याला ठरवू द्या. आईबाबा आणि मुलांमधली भांडणं कमी करण्याच्या उपचारात रोज पाच मिनिटांचा असा खेळ गृहपाठ म्हणून देतात आणि त्याचे नियम साधे आहेत. शिकवायचं नाही, सूचना द्यायची नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. 'हा कुठला रंग, किती आहेत, हा कोणता प्राणी' हे सगळं त्या वेळेपुरतं बंद, दिवसभर परीक्षाच चालू असते बिचाऱ्याची. तो जे करतोय तेच शब्दांत म्हणायचं, 'गाडी वर चढवली, अरे पडली, परत लावली'. पहिले दोन-तीन दिवस विचित्र वाटतं, गप्प बसवत नाही. मग मूल वळून आपल्याकडे बघायला लागतं, वस्तू आणून दाखवायला लागतं. काहीही मागायचं नसताना फक्त 'बघ' म्हणून वस्तू दाखवणं, ही माझ्या दृष्टीने या वयातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे, आणि डॉक्टर म्हणूनही मी तीच आधी शोधते.

ती शोधते याला कारण आहे. वर्षाच्या वयापर्यंत बडबड नाही किंवा बोट दाखवणं, टाटा करणं असे हावभाव नाहीत, १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, २ वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, नावाने हाक मारली तरी बघत नाही, किंवा येत असलेलं बोलणं गेलं, यातलं काही असेल तर 'मुलगे उशिरा बोलतात' असं म्हणून थांबू नका. कान तपासून घ्या आणि विकासाची तपासणी करून घ्या. तुमच्या मुलाबद्दल तुम्ही यातलं काही लिहिलेलं नाही, तरी त्याचं बोलणं किती आहे ते मला कळलं नाही म्हणून लिहिलं.

शेवटी क्रम, कारण सगळं एकदम बदलायला गेलात तर तिसऱ्या दिवशी सोडून द्याल. या आठवड्यात फक्त दोन गोष्टी, डॉक्टरांकडे जाऊन शीचं औषध सुरू करणं आणि हिमोग्लोबिन व लोहाची रक्ततपासणी. पॉटी घरात असेल तर आत ठेवून द्या. शी मऊ आणि रोजची व्हायला लागली की दूध हळूहळू कमी करत अर्ध्या लिटरच्या खाली आणा, आणि ते जमलं की मग जेवताना मोबाईल बंद. झोपेला सगळ्यात शेवटी हात लावा, तोपर्यंत ती थोडी आपोआपच सुधारलेली असेल. पाच मिनिटांचा खेळ मात्र आजपासून. डॉक्टरांकडे जाताना आठवडाभराची एक साधी वही न्या, रोज शी झाली का, कडक होती का मऊ, दूध किती मिली, झोप किती ते किती, आणि आत्तापर्यंतची वजनं तारखेसकट. पडद्यामागे उभा राहतो त्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवलात तर उत्तमच, तो बघून कळतं की मूल जोर लावतंय का धरून ठेवतंय, नुसत्या सांगण्यावरून ते नेहमी कळत नाही.